पाहुण्यांचा स्वयंपाक मुलांना घेऊन करताय? मग या चुका टाळा

रविवारी दुपारी आठ माणसं जेवायला येणार आणि घरात चार आणि आठ वर्षांची दोन पोरं. अशा दिवशी बहुतेक घरांत दोनांपैकी एक काहीतरी होतं. एक तर पोरांच्या हातात मोबाइल देऊन त्यांना आतल्या खोलीत बसवतात. नाहीतर ऐन गडबडीत, तेल तापलेलं असताना, "ये, तूही लाट एक पुरी" म्हणून त्यांना ओट्यापाशी बोलावतात. मग पुरी जळते, कुणीतरी ओरडतं, मूल रडतं आणि नेमकी तेव्हाच बेल वाजते.

यात मुलांचा दोष कमी आणि कामांच्या क्रमाचा जास्त असतो. मुलांची कामं शक्यतो गॅस पेटायच्या आधी उरकायची आणि त्यांनी केलेला एखादा तरी पदार्थ ताटात ओळखू यायला हवा. एवढं सांभाळलं तर बाकीचं पुष्कळसं निभावतं. पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, वरणभात आणि श्रीखंड असा आपला नेहमीचा बेत धरून पुढचं लिहितेय.

बेत आधी ठरवायचा आणि मुलांना नंतर काम शोधायचं

पहिली चूक इथेच होते. उकडीचे मोदक किंवा पुरणपोळी हे मुलांना घेऊन करायचे पदार्थ नव्हेत, निदान पाहुण्यांच्या दिवशी तरी. उकड गरम असतानाच मळावी लागते आणि पुरण गरम असतानाच यंत्रातून काढावं लागतं. म्हणजे ज्या टप्प्यावर मुलाला खरी मजा वाटेल, तिथेच त्याला "लांब हो" म्हणायची वेळ येते.

श्रीखंडाला गॅसच लागत नाही. शनिवारी रात्री दही फडक्यात बांधून टांगायचं. उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर चक्का आंबट होतो, म्हणून चाळणीत ठेवून खाली पातेलं द्यायचं आणि सगळंच फ्रिजमध्ये ठेवायचं. एक किलो दह्याचा साधारण अर्धा किलो, कधी त्याहून थोडा कमी चक्का होतो. सकाळी त्यात जवळजवळ तेवढीच साखर घालून तासभर ठेवायचं, म्हणजे साखर विरघळते. मग चाळण किंवा पुरणयंत्र मुलांच्या ताब्यात द्यायचं. चार वर्षांचं मूलसुद्धा वाटीच्या बुडाने चक्का चाळणीवर घासू शकतं आणि खालून मऊसूत श्रीखंड पडताना बघून ते हटत नाही.

श्रीखंड सैल झालं तर? चक्का पुरता निथळला नसेल तर हे होतंच. थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून बघा. तरी बसलं नाही, तर त्यात ताक घुसळून जायफळ आणि केशर घाला आणि पेल्यांतून पियुष म्हणून द्या. पाहुण्यांना बेत काय होता ते सांगायची गरज नाही. फक्त ते गुपित पोरांच्या पोटात राहणार नाही, हे धरून चाला.

मटकीही मुलांच्या सोयीची. शनिवारी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची आणि रविवारी सकाळी पुरचुंडी मुलांकडून सोडवायची. थंडीत मोड यायला उशीर लागतो, तेव्हा शुक्रवारीच सुरुवात करा.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पूजा किंवा नैवेद्य असेल तर मुलांना घेऊन करायचा पहिला प्रयोग तेव्हा नको. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही, हा नियम श्रीखंडाची चाळण हातात असलेल्या चार वर्षांच्या जिवाला पाळायला लावणं म्हणजे छळ आहे.

स्टुलावर उभं करून ओट्यापाशी काम देणं

आपला ओटा अडीच-पावणेतीन फूट उंच असतो. चार वर्षांच्या मुलाच्या छातीशी येतो, म्हणून आपण त्याला स्टूल देतो. मग ते स्टुलावर चवड्यांवर उभं राहून वाकतं आणि हाताच्या अंतरावर शेगडी असते. त्यापेक्षा खाली बसा. बाहेरच्या खोलीत जुनी चादर किंवा वर्तमानपत्रं पसरा आणि परात, पोळपाट, ताटं खाली घ्या. आपल्या आज्या सगळा स्वयंपाक खाली बसूनच करत होत्या. खाली बसलेल्या मुलाच्या हातून वाटी सुटली तरी ती फार तर चार बोटं पडते.

फक्त विळी खाली नको. ती मिटवून वर ठेवून द्या. मुलांना काकडी, केळं, उकडलेला बटाटा कापायला बोथट, दातेरी सुरी पुरते. कोथिंबीर निवडून झाली की स्वच्छ धुतलेल्या कात्रीने वाटीतल्या वाटीत कातरू द्या. त्यांच्या हाताला सुरीपेक्षा कात्री जास्त सवयीची असते.

उकडलेले बटाटे सोलायला देताना जरा थांबा. साल गार लागते, पण आतला गर बराच वेळ चटका देण्याइतका गरम राहतो. बटाटे सकाळी लवकर उकडून, अर्धे चिरून गार होऊ द्या आणि मगच मुलांपुढे ठेवा.

पुऱ्या लाटायला देणं

सगळ्यात जास्त रडारड पुरीवरून होते, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

पुरीची कणीक घट्ट असते. ती लाटायला मनगटात जोर लागतो आणि लहान मुलाचा सगळा जोर कडांवर जातो. कडा पातळ आणि मध्ये जाड अशी पुरी होते, ती फुगत नाही. शिवाय पोळपाटाला चिकटते म्हणून मूल भसाभस पीठ लावतं. ते पीठ तेलात उतरतं, तळाशी जळतं आणि पुढच्या सगळ्या पुऱ्यांवर काळे ठिपके येतात.

त्यावर उपाय म्हणजे लाटायचं आपण आणि कापायचं मुलांनी. घट्ट कणकेत चमचाभर रवा घालून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मोठा उंडा घेऊन, पोळपाटाला तेलाचं बोट लावून, एकसारख्या जाडीची पोळी लाटा. मग स्टीलच्या वाटीचा काठ त्यावर दाबून फिरवायचं काम मुलांचं. पुऱ्या गोल निघतात, सगळ्या सारख्या फुगतात आणि मूल पाहुण्यांना "मी केल्या" म्हणून सांगतं, ते खोटंही नसतं. उरलेली कातरणं लगेच पुन्हा मळा, उघडी राहिली तर वाळतात. मुलं दोन असतील तर वाट्या दोन घ्या आणि एकाच मापाच्या घ्या. माझी वाटी लहान आणि ताईची मोठी, यावरून अख्खा स्वयंपाक थांबलेला मी पाहिलाय.

अडचण वेळेची असते. कापलेल्या पुऱ्या उघड्यावर राहिल्या तर वरून सुकतात आणि मग फुगत नाहीत. म्हणजे कापणं आणि तळणं जवळजवळ एकाच वेळी चालायला हवं. इथे गॅस पेटायच्या आधीचा नियम मोडतो, म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याचा नियम लावा. एक मोठं माणूस बाहेर मुलांसोबत लाटायला बसेल, दुसरं आत तळेल आणि पुऱ्यांचं ताट उंबऱ्यावर मोठ्याच्या हातातून मोठ्याच्या हातात जाईल. कढई उतरून बाजूला ठेवेपर्यंत मुलांनी उंबरा ओलांडायचा नाही. कणकेच्या ओल्या हातांचं पाणी तेलात पडलं तरी तेल उडतं, तेव्हा यात सवलत नाही.

घरात मोठं माणूस एकच असेल तर पुरीचा बेतच करू नका. सकाळी पोळ्या करून डब्यात ठेवा. पाहुणे पोळीवर नाराज होत नाहीत.

तेल नीट तापलंय का, ते कणकेचा कण टाकून बघायचं. लगेच वर आला तर पुरी सोडा. तळाशी बसून राहिला तर थांबा, नाहीतर पुऱ्या तेल पितील.

कोशिंबीर लवकर करून ठेवणं

काकडीची कोशिंबीर मुलांना पूर्ण सोपवण्यासारखी. पण मीठ आधी घातलं तर तासाभरात पाण्यात काकडी पोहताना दिसते. काकडी, दाण्याचं कूट, साखर, खोबरं असं सगळं वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवा. पाहुणे हात धुवायला उठले की मुलांनी सगळं एकत्र करायचं, शेवटी दही आणि मीठ. फोडणी हवीच असेल तर आधी करून गार केलेली. पाच वर्षांखालच्या मुलांसमोर अख्खे शेंगदाणे ठेवू नका, घशात अडकायची भीती असते. कूट चालतं. पाहुण्यांत कुणाला शेंगदाणे चालत नसतील तर ते आदल्या दिवशी फोनवरच विचारून घ्या. त्याच फोनवर त्या दिवशी कुणाचा उपास आहे का, हेही.

मीठ मुलांनी घालायचं असेल तर डब्यातून नको. लागेल तेवढंच वाटीत काढून द्या. तरीही हात जड पडलाच तर उसळीत उकडलेला बटाटा कुस्करून थोडं गरम पाणी घाला, कोशिंबिरीत काकडी आणि दही वाढवा, वरणात बिनमिठाची शिजलेली डाळ मिसळा. म्हणून डाळ नेहमी वाटीभर जास्त शिजवावी.

चव बघण्यावरून ओरडणं

मुलं चाखणारच. मटार सोलायला दिले तर त्यातले निम्मे पोटात जाणार, तेव्हा शेंगा जास्तच आणा. खरा प्रश्न उष्ट्याचा असतो. बोट चाटून तेच बोट पुन्हा श्रीखंडात, तोंडातला चमचा पुन्हा पातेल्यात. यावर रागावून उपयोग होत नाही. प्रत्येक मुलाला त्याची एक वाटी आणि चमचा द्या. पातेल्यातून मोठ्यांनी त्या वाटीत वाढायचं आणि मुलाने वाटीतलं खायचं. सर्दी-खोकला असेल त्या मुलाला त्या दिवशी ताटं-पेले मांडायचं काम द्या. कच्ची कणीक मात्र खाऊ देऊ नका, पोट बिघडतं.

मिरची आणि चटका

मिरच्या निवडायला मुलांना देऊच नका. तरीही हात लागला आणि झोंबायला लागलं तर नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. आधी हाताला खोबरेल चोळा, मग साबणाने धुवा. डोळ्याला लागलं तर तेल वगैरे काही नको, फक्त भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.

चटका बसला तर भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, आणि तोही चांगला वीस मिनिटं. हातातलं कडं किंवा दोरा आधी काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काहीही लावू नका आणि फोड फोडू नका. चटका चेहऱ्यावर असेल किंवा मुलाच्या तळव्यापेक्षा मोठा असेल तर जेवण बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

हळदीचा डाग हा त्यामानाने किरकोळ अपघात. साबण लावला की डाग लाल होतो आणि आपण घाबरतो. कपडा धुऊन उन्हात वाळत घाला, फिका पडतो. तरी श्रीखंड करायला पांढरा झब्बा घालून बसवू नका.

मुलांना उपाशी ठेवणं

पाहुणे एकला येणार, पानं दीडला मांडणार आणि मुलं सकाळपासून राबतायत. साडेबारापर्यंत ती कशावरूनही रडतात. बाराच्या आत त्यांना मऊ वरणभात, तूप, लिंबू खायला घाला, आंघोळ उरली असेल तर ती उरका. पाहुण्यांसोबत ती पुन्हा पुरी-श्रीखंड खातीलच.

केलेलं काम पुन्हा करणं

घरातलं एखादं मोठं माणूस, बहुतेक वेळा आजी, मुलाने निवडलेली कोथिंबीर त्याच्यासमोर पुन्हा निवडायला घेते. तेवढ्याने मूल उठून जातं. "आई, राहू द्या, आज चार काड्या जास्त खाऊ" असं म्हणून विषय हसण्यावारी न्या. अगदीच माती राहिली असेल तर मूल आंघोळीला गेल्यावर धुऊन घ्या.

ताटं वाढण्याचं काम आठ वर्षांच्या मुलाला छान जमतं, पण तोंडी सांगितलेलं लक्षात राहत नाही. एक ताट तुम्ही नमुना म्हणून वाढून ठेवा. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि उसळ, खाली मध्ये भाताची मूद. मूद पाडायचं काम धाकट्याचं, भात कोमट झाल्यावर. वाटीला आतून तुपाचं बोट फिरवलं नसेल तर भात वाटीतच राहतो. नमुना समोर असला की थोरलं मूल स्वतःच बाकीची ताटं तपासत फिरतं, आणि मीठ विसरलेल्या बाबालाही सोडत नाही.

पाहुण्यांपुढे मुलाला "सांग, काय काय केलंस" म्हणून उभं करू नका. लाजतं, पळून जातं. "या पुऱ्या हिने कापल्यात" असं जाता जाता म्हणा आणि पुढची पुरी वाढायला घ्या.

आणि एखादं मूल मध्येच कंटाळून खेळायला निघून गेलं तर जाऊ द्या. त्याच्या वाटणीच्या काकड्या चिरायला एखाद्या लवकर आलेल्या पाहुण्याला बसवा. हातात काम मिळालेला पाहुणा सोफ्यावर बसून "काही मदत करू का" विचारणाऱ्या पाहुण्यापेक्षा खुशीत असतो.