कंबर जपणारा गोल्फ स्विंग कसा बसवावा

गोल्फ शिकताना बहुतेकांचे सारे लक्ष चेंडू किती लांब गेला याकडे असते, आणि कमरेची आठवण ती दुखू लागल्यावरच होते. वास्तविक पूर्ण जोराच्या स्विंगमध्ये, म्हणजे चेंडू मारण्यासाठी काठी मागे नेऊन फिरवण्याच्या हालचालीत, कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या आठपटीपर्यंत दाब येऊ शकतो. प्रसिद्ध गोल्फपटू टायगर वूड्सच्या पाठीवर २०१४ पासून एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याचे कमरेतील मणके जोडून घ्यावे लागले. त्यानंतर २०१९ ची मास्टर्स स्पर्धा त्याने जिंकली, पण त्याच्या पाठीशी होती तशी वैद्यकीय मदत आणि तेवढा वेळ हौशी खेळाडूला सहसा मिळत नाही. म्हणून स्विंग पहिल्यापासूनच योग्य रीतीने बसवणे हिताचे.

त्यासाठी शरीराची एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कमरेचे पाचही मणके मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश वळू शकतात. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे-वर नेताना, मात्र खांदे सुमारे नव्वद अंश वळवायचे असतात. हे उरलेले वळण खुब्याच्या सांध्यांतून आणि बरगड्यांच्या भागातील मणक्यांतून यावे लागते. तेथून ते आले नाही, तर कंबर ते देण्याचा प्रयत्न करते आणि तिथेच दुखण्याला सुरुवात होते. पुढील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

सुरुवात उभे राहण्यापासून करावी. एक क्लब पाठीवर उभा धरावा, असा की तो डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या दोन पात्यांमधील भाग आणि माकडहाड अशा तिन्ही ठिकाणी टेकेल. गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे नेत पुढे झुकावे आणि तिन्ही ठिकाणचा स्पर्श कायम ठेवावा. पँटला जांघेत आडवी घडी पडली, तर झुकणे खुब्यातून झाले असे समजावे. माकडहाडापासून क्लब सुटला, तर कंबर गोल झाली आहे; पुन्हा सरळ उभे राहून सुरुवात करावी. हा सराव आरशासमोर, चेंडूशिवाय, रोज थोडा वेळ करावा, कारण पुढचे बहुतेक दोष या एका झुकण्यातूनच निर्माण होतात.

पावले अगदी समांतर ठेवू नयेत. डावे पाऊल वीस-तीस अंश आणि उजवेही थोडे बाहेरच्या बाजूला वळवले की खुब्यांना फिरायला जागा मिळते. कोणता खुबा आखडला आहे हे पाहण्यासाठी खुर्चीवर बसून, गुडघा जागचा न हलवता, एकेक पाऊल बाहेरच्या बाजूला न्यावे. जे कमी जाईल ते पाऊल खेळताना अधिक उघडे ठेवावे.

बॅकस्विंगमध्ये ओटीपोटाचा भाग रोखून धरून केवळ खांदे फिरवावेत, म्हणजे ताण साठून फटका लांब जातो, ही शिकवण १९९० च्या दशकात फार पसरली. तरुण, लवचीक व्यावसायिकाला ती कदाचित मानवेल. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओटीपोट खांद्यांबरोबर मोकळेपणाने वळू द्यावे, उजवा गुडघा थोडा सरळ झाला तरी चालेल आणि डावी टाच जमिनीवरून उचलली गेली तर जाऊ द्यावी. नामवंत गोल्फपटू जॅक निकलसची टाचही अशीच उचलली जात असे. फक्त वरच्या टोकाला छाती लक्ष्याच्या दिशेने कलू देऊ नये. तो कल कमरेला विशेष घातक असतो.

खाली येताना क्रम महत्त्वाचा आहे: आधी वजन डाव्या पावलावर, मग ओटीपोटाचे वळण, त्यामागून छाती, हात आणि शेवटी क्लब. घाईने हात आधी आले की ओटीपोट चेंडूकडे ढकलले जाते आणि कंबर मागे वाकते. हे टाळण्यासाठी भिंतीला नितंब जेमतेम टेकतील असे उभे राहावे आणि हात छातीवर घेऊन सावकाश स्विंगची हालचाल करावी. मागे जाताना उजवा नितंब भिंतीला लागावा, पुढे येताना डावा, आणि मध्येच दोन्ही भिंतीपासून सुटू नयेत.

फटका झाल्यावर पट्ट्याचे बक्कल आणि छाती दोन्ही लक्ष्याकडे असावीत, वजन डाव्या पायावर यावे, उजवी टाच वर असावी आणि शरीर सरळ उभे असावे. १९७० च्या दशकात नावाजलेली, पाठ धनुष्याप्रमाणे मागे ताणलेली अखेर छायाचित्रात सुंदर दिसते, पण मणक्यांच्या मागील सांध्यांवर ती फार भार टाकते.

सराव वेजने (जवळच्या फटक्यांच्या आखूड क्लबने), कमरेच्या उंचीपर्यंतच्या अर्ध्या स्विंगने सुरू करावा आणि तो वेदनेशिवाय सहज होऊ लागल्यावरच आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) व शेवटी ड्रायव्हर (लांब फटक्याचा सर्वांत लांब क्लब) हाती घ्यावा. ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) एकाच क्लबने चेंडूंची बादली भराभर संपवणे टाळावे. दर काही फटक्यांनंतर मागे सरून पुन्हा नव्याने उभे राहावे. आपल्याकडे उन्हामुळे पहाटेच खेळायला जाण्याची पद्धत आहे, त्यात एक धोका लक्षात ठेवावा. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्यांत पाणी साठून त्या फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकण्याचा ताण त्यांच्यावर अधिक पडतो. तासभर आधी उठावे, चालावे, खुबे व खांदे सैल करावेत आणि मगच क्लब उचलावा. टी (चेंडू ठेवण्याची छोटी खुंटी) लावताना किंवा चेंडू उचलतानाही कमरेतून वाकू नये. क्लबचा आधार घेऊन गुडघा टेकावा किंवा एक पाय मागे उचलून खुब्यातून झुकावे.

आधीपासून पाठीचा विकार असेल, तर सराव सुरू करण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. खेळताना वेदना नितंबातून पायात उतरू लागली, पाय बधिर झाला किंवा पावलातील जोर कमी वाटला, तर त्याच क्षणी खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटला, तर एक दिवसही न थांबता थेट रुग्णालय गाठावे.