चवथीनंतर पैठणी कपाटात ठेवताना

गोव्याच्या दमट हवेत पैठणी जपायची तर आधी ओलावा घालवायला हवा. चवथीला नेसलेली साडी लगेच घडी करू नका. घाम राहिला की साडीची जर काळवंडते. रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा. मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या आणि घड्या बदला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं.

हँगरला टांगणं टाळाच. हातमागाच्या पैठणीचा पदर जड असतो; त्यावरचा प्रत्येक मोर विणकराने रंगीत धागे हाताने एकमेकांत गुंतवून विणलेला असतो, म्हणून तो मागूनही पुढच्याइतकाच नेटका दिसतो. पदर उलटून एकदा जरूर बघा!