स्नॅपशॉट ‘काढला’ म्हणजे नक्की काय केलं?

अंधेरी एमआयडीसीतली माझी पहिली नोकरी, सर्व्हर टीममध्ये. शनिवारी रात्री साडेअकराला बिलिंगचं व्हीएम (सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) थांबलं, पाठोपाठ त्याच डेटास्टोअरवरची आणखी दोन. डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या डिस्क फाइली ठेवायची जागा, गच्च. आत पाहिलं तर मूळ डिस्क ५०० जीबीची आणि शेजारी एका स्नॅपशॉटची ३८० जीबीची डेल्टा फाइल.

"हा ‘बिफोर पॅच’ नावाचा स्नॅपशॉट कुणाचा रे?" दादांनी विचारलं. (आमचे सीनिअर, टीममध्ये सगळे त्यांना दादाच म्हणत.)

माझाच. तीन महिन्यांपूर्वीचा. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती. पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) टाकण्याआधी घेतला आणि शिफ्टच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘स्नॅपशॉट काढला’. पुढच्या शिफ्टने वाचलं की डिलीट केला! फोटो काढतो तसा मी काढला होता, त्यांनी खिळा काढल्यासारखा वाचला. तेव्हा नव्याने लागलेल्यांनो, ‘घेतला’ किंवा ‘डिलीट केला’ असंच लिहा, सोबत नाव आणि तारीख.

स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कवर लिहिणं बंद होतं. पुढचा प्रत्येक बदल डेल्टात जातो आणि ती फुगत फुगत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. व्हीएम चालवणारं आमचं सॉफ्टवेअर व्हीएमवेअरचं, त्यांचा सल्ला आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एकावर एक घेतलेल्या स्नॅपशॉटच्या साखळीत ३२ चालतात, पण दोन-तीनच्या पुढे जाऊ नये. आणि याला बॅकअप समजू नका. मूळ डिस्क गेली तर नुसत्या डेल्टाचा काही उपयोग नाही.

"मग रिव्हर्ट करून टाकू का?" मी विचारलं. रिव्हर्ट म्हणजे व्हीएम स्नॅपशॉटच्या क्षणाला परत नेणं. दादा नुसते बघत राहिले. तीन महिन्यांची बिलं उडाली असती. शिवाय विंडोज मशीन डोमेनमधला (ऑफिसच्या सगळ्या संगणकांची ओळख ठेवणाऱ्या व्यवस्थेतला) आपला पासवर्ड साधारण ३० दिवसांनी बदलतं. इतकं मागे गेल्यावर डोमेनने त्याला ओळखच दिली नसती.

जागा करायला दादांनी ३२ जीबी रॅमचं एक टेस्ट व्हीएम बंद केलं. त्याची स्वॅप फाइल (चालू व्हीएमच्या रॅमसाठी डिस्कवर राखलेली जागा) गेली, तेवढी जागा सुटली, थांबलेली व्हीएम चालू झाली. मग डिलीट. म्हणजे ते ३८० जीबी मूळ डिस्कमध्ये मिसळणं. टास्क ९९ टक्क्यांवर गेलं आणि तिथेच बसलं. एक वाजला, दोन वाजले. माझा हात सारखा माउसकडे जायचा.

"हात लावू नकोस. चहा घेऊन ये."

पावणेपाचला टास्क संपलं. रजिस्टरमध्ये ‘डिलीट केला’ लिहून मी बोरिवली लोकल पकडली.