मावा शोधला, बर्फी मिळाली

आमच्या ज्वारीवर मावा ही कीड पडली तेव्हा मी एका नव्या सर्च इंजिनात नुसतं ‘मावा उपाय’ टाकलं. पहिलाच निकाल खव्याचा! हिंदीत मावा म्हणजे खवा. आणि आमच्या टपरीवर तर तिसराच, सुपारी-तंबाखूचा मावा मिळतो. तेव्हापासून कुठलंही इंजिन मी याच शब्दावर तपासते.

आधी वहीत लिहायचं, मला नेमकं काय हवंय: पीक ज्वारी, कीड मावा, उपाय आणि प्रमाण. हे निकाल बघण्याआधीच लिहा, नाहीतर जे समोर येतं तेच बरोबर वाटायला लागतं. मग ‘ज्वारीवरील मावा कीड नियंत्रण’ हे शब्द जसेच्या तसे प्रत्येक इंजिनात टाका, सेटिंगमध्ये प्रदेश भारत ठेवून. पहिले दहा दुवे उघडा. हो, उघडायचेच, दुव्याखालच्या दोन ओळी फसवतात. पूर्ण उत्तराला 2 गुण, अर्धवटाला 1, खव्याला भोपळा. एकाच लेखाच्या चार नकला असतील तर गुण एकदाच. वरच्या तिनांत 2 गुणांचा दुवा नसेल, तर बेरीज कितीही येवो, माझ्या लेखी ते इंजिन नापास.

तुलनेला इंजिनं निवडताना जरा बघून, नाहीतर तेच निकाल दोनदा तपासाल. स्टार्टपेज गूगलसारख्या दुसऱ्या इंजिनांचे निकाल दाखवतं, डकडकगो बरेचसे बिंगकडून घेतं. ब्रेव्ह आणि मोजीक यांची मात्र स्वतःची अनुक्रमणिका, म्हणजे वेबपानांची स्वतः केलेली नोंद, आहे.

शेवटी एकदा ‘किड’ असं ऱ्हस्व लिहून बघा. आमचे बाबा तसंच लिहितात.