घळीच्या वळणावरचं हिमस्खलन: या चुका टाळा

वळण आलं की बर्फाचा जोर मोडतो, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी समजूत. जोर थोडा कमी होतोही, पण त्याआधी बर्फ बाहेरच्या काठावर चढतो, जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मधली मोटारसायकल भिंतीवर चढते तसा. हिमालयात बर्फाच्या मोसमात तंबू ठोकणाऱ्या आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींनी एवढं तरी ध्यानात ठेवावं: नाल्याच्या तळापासून उंचावर असलेली सपाट जागा वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर ती सुरक्षित नाही.

बर्फ कुठवर चढला होता, त्याच्या बाहेरच्या आणि आतल्या काठावरच्या खुणांच्या उंचीतल्या फरकावरून वेगाचा अंदाज बांधता येतो. हा फरक भागिले प्रवाहाची रुंदी, म्हणजे तिरपेपणा. त्याला वळणाची त्रिज्या, गुरुत्व त्वरण आणि घळीच्या उताराच्या कोनाचा कोसाइन यांनी गुणा. येईल तो वेगाचा वर्ग. त्रिज्या 200 मीटर, रुंदी 40 मीटर, उंचीतला फरक 20 मीटर आणि उतार 25 अंश धरला, तर वेग सेकंदाला सुमारे 30 मीटर, म्हणजे ताशी 107 किलोमीटरच्या आसपास येतो. कोसाइन विसरलात तरी चूक पाचेक टक्क्यांचीच, त्यावरून डोकं पिकवू नका.

खरी गडबड खुणा वाचण्यात होते. हिमधुळीचा ढग दाट प्रवाहाच्या कितीतरी वर जातो आणि घळीचं वळण फारसं जुमानत नाही. त्यानं मोडलेल्या वरच्या फांद्यांना दाट बर्फाची खूण समजून 20 ऐवजी 30 मीटर लिहिलेत, की तोच वेग ताशी 131 किलोमीटर होतो. झाडाची साल कुठवर खरवडली आहे आणि दगडमाती कुठवर चिकटली आहे, ते पाहा. दोन्ही काठांवरच्या खुणा एकाच लोटाच्या आहेत ना, हेही तपासा. वळण काटकोनासारखं असेल तर हे सूत्र बाजूलाच ठेवा. तिथे बर्फ वळत नाही, समोरच्या भिंतीवर आदळून वर उसळतो.

आधीच्या स्खलनाचा बर्फ वळणात साचलेला असेल, तर घळ उथळ होते आणि पुढचा लोट काठ ओलांडून भलतीकडे जातो. गेल्या वेळची वाट यंदाही तीच असेल, हे गृहीत धरू नका.

आणि बांध घालून बर्फ वळवला म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. आइसलँडमधल्या फ्लातेइरी गावात 1995 च्या ऑक्टोबरमध्ये हिमस्खलनात 20 माणसं गेली. त्यानंतर गावाच्या वरच्या अंगाला 15 ते 20 मीटर उंचीचे, दोन बाजूंना फाकणारे बांध घातले. जानेवारी 2020 मध्ये दोन घळींतून पुन्हा बर्फ आला. बराचसा बांधांनी वळवला, पण काही वरून उडून एका घरात शिरला. तिथे गाडली गेलेली किशोरवयीन मुलगी जिवंत सापडली. वळवलेल्या बर्फाचा एक लोट थेट बंदरात उतरला आणि तिथल्या बोटींची वाट लागली.