विमानात शेजारची आसने कशी मिळाली : माझा अनुभव

पुण्याहून दिल्लीला जाताना आमची तिकिटे एकाच पीएनआरवर असूनही वेब चेक-इनमध्ये आम्हा पती-पत्नीला दूरच्या रांगांतील मधली आसने मिळाली आणि शेजारी बसण्यासाठी वेगळे शुल्क मागण्यात आले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरील किमान एका पालकाजवळ बसवावे, असे नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएने २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावले. त्या सूचनेत जोडप्यांना तसे संरक्षण नव्हते. उड्डाणाच्या वेळी घाबरणाऱ्या पत्नीला एकटे बसवणे मला मान्य नव्हते. म्हणून शुल्क न भरता आम्ही विमानतळावर लवकर पोहोचलो आणि काउंटरवर अडचण सांगून, मागच्या रांगाही चालतील असे आवर्जून कळवले, कारण काही आसनांचे वाटप तेथील कर्मचाऱ्यांच्या हाती असते. त्यांनी शेजारची दोन आसने विनाशुल्क दिली. आसन बदलल्यावर नवा बोर्डिंग पास छापून घ्यावा. मोबाईलवरचा जुना वापरू नये.