रीफ टँकमधील पाण्याचे रसायन स्थिर ठेवणारी उपकरणे: निवड आणि जुळणी

घरातील रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, कठीण सांगाड्याचे प्रवाळ वाढीला लागले की पाण्यातील कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (मुख्यतः विरघळलेले बायकार्बोनेट आणि कार्बोनेट) रोज थोडीथोडी घटू लागते, कारण प्रवाळ आपला कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा याच दोन घटकांतून बांधतात. समुद्राच्या पाण्यात अल्कलिनिटी 7 डीकेएचच्या (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) आसपास, कॅल्शियम लिटरमागे सुमारे 410 मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे 1300 मिलिग्रॅम असते. टँकमध्ये अल्कलिनिटी साडेसात ठेवावी की 9, यावर हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते तो वाद गौण आहे. 8 ठरवली तर ती महिनाभर 8 च्या जवळपास राहणे महत्त्वाचे, आणि उपकरणे घ्यायची ती त्यासाठीच.

पहिला खर्च ठरलेल्या मापाने द्रावण सोडणाऱ्या डोसिंग पंपावर न करता बाष्पीभवनाची भरपाई करणाऱ्या ऑटो टॉप-ऑफ यंत्रणेवर करावा. 200 लिटरच्या टँकमधून दिवसाला 3 लिटर पाणी सहज उडून जाते आणि मीठ मात्र मागे उरते, त्यामुळे 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) खारेपणा एका दिवसात साडेपस्तीसवर पोहोचतो. हा चढउतार थांबल्याशिवाय बाकीच्या मोजमापांवर विसंबता येत नाही, कारण खारेपणाबरोबर कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे आकडेही हलतात. सेन्सर संपच्या, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीच्या, रिटर्न पंपाच्या (पाणी वर टँकमध्ये परत ढकलणाऱ्या) कप्प्यात बसवावा, कारण बाष्पीभवनाने उतरणारी पातळी तिथेच दिसते. नळीचे टोक पाण्याच्या वर ठेवावे, अन्यथा पंप बंद झाल्यावरही सायफन होऊन पाणी वाहत राहू शकते. साठ्याची टाकी मुद्दाम लहान घ्यावी: सेन्सर अडकून 10 लिटर पाणी एकदम आत गेले तर खारेपणा 33 च्या थोडा वर थांबतो, 20 लिटर गेले तर तो 32 च्याही खाली घसरतो. या टाकीत आरओ-डीआय (क्षार जवळपास पूर्ण काढणाऱ्या) यंत्रातून आलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य असलेले पाणीच भरावे. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्याऐवजी 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा.

त्यानंतर टँकची रोजची गरज मोजावी. दोन दिवस काहीही न घालता, ठरलेल्या वेळी आणि एकाच टेस्ट किटने अल्कलिनिटी तपासावी. ती 9 वरून 7 वर आली तर रोजचा खप 1 डीकेएच आहे. सांगाडा बांधताना 1 डीकेएचमागे कॅल्शियम लिटरला साधारण 7 मिलिग्रॅम खर्ची पडते, म्हणून अल्कलिनिटीच्या खपावरून कॅल्शियमचा अंदाज बांधता येतो. 400 पैकी 7 गेले तर किटवर ते कळतही नाही. अल्कलिनिटीतील घट मात्र लगेच दिसते, त्यामुळे तीच वारंवार तपासावी.

आता डोसिंग पंप. दगड आणि वाळू वगळून टँकमध्ये 200 लिटर पाणी असेल, तर 1 डीकेएच भरून काढण्यास सुमारे 6 ग्रॅम खाण्याचा सोडा आणि त्याच्या जोडीला सुमारे सव्वापाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागते. आरओ-डीआय पाण्यात एका बरणीत लिटरमागे 60 ग्रॅम सोडा आणि दुसरीत लिटरमागे 52 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवले की दोन्हींचा रोजचा डोस 100 मिलिलिटर येतो आणि हिशेब सोपा राहतो. बेकिंग पावडर वापरू नये. त्यात आम्ल आणि पिष्ट मिसळलेले असते. दोन्ही द्रावणे कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण ती मिसळताच पांढरा साका तयार होतो आणि घातलेले सगळे वाया जाते. डोस दिवसभरात 12 किंवा 24 भागांत विभागावा, दोन द्रावणांमध्ये किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे आणि नळ्या जोराच्या प्रवाहात सोडाव्यात. हे पंप रोलरने लवचिक नळी दाबून द्रव पुढे ढकलतात. नळी सैलावली की माप बदलते, म्हणून महिन्यातून एकदा मोजपात्रात डोस काढून पंपाचे कॅलिब्रेशन तपासावे.

लहान टँकसाठी याहून स्वस्त पर्याय आहे: शाळेच्या प्रयोगशाळेतून ओळखीची असलेली चुन्याची निवळी. टॉप-ऑफच्या पाण्यातच ती दिली तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. संपृक्त निवळी 3 लिटर गेली तर 200 लिटरमध्ये सुमारे 1.7 डीकेएचची भर पडते. बाष्पीभवनाइतकीच निवळी देता येते, ही तिची मर्यादा. तिचा पीएच 12 च्या वर असल्याने ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री सोडावी. हवेतील कार्बन डायऑक्साइडने तिच्यावर साय धरते, म्हणून भांडे झाकलेले असावे. पानाचा किंवा रंगकामाचा चुना न घेता शुद्धतेची खात्री असलेले कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे. टॉप-ऑफ बिघडल्यास इथे केवळ खारेपणा घटत नाही, पीएचही झपाट्याने चढतो आणि मासे दगावू शकतात. अशा जुळणीत पातळी वाढताच पंप बंद करणारा दुसरा, आणीबाणीचा फ्लोट स्विच हवाच.

कॅल्शियम रिअ‍ॅक्टर कार्बन डायऑक्साइडने आतला पीएच साडेसहाच्या आसपास उतरवून अ‍ॅरागोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचे) खडे विरघळवतो आणि दोन्ही घटक पाण्यात सोडतो. गॅसचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) यांचा पसारा पाहता मोठा, प्रवाळांनी भरलेला टँक असेल तरच त्याचा विचार करावा. खडे विकतच घ्यावेत: भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे तुकडे उचलून आणण्याचा मोह टाळावा.

मॅग्नेशियम फार हळू घटते, त्यासाठी स्वतंत्र पंपाची गरज क्वचितच पडते. महिन्यातून एकदा तपासून हाताने घातले तरी भागते. पीएच रात्री उतरतो, ते स्वाभाविक आहे. एसीसाठी खिडक्या बंद असलेल्या खोलीत तो दिवसाही कमी राहत असेल, तर कारण बहुधा खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड असतो; औषधे ओतण्याआधी प्रोटीन स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातील सेंद्रिय घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढून पाहावी. वीज जाण्याचा प्रश्न असलेल्या घरी रिटर्न पंप इन्व्हर्टरवर घ्यावा, आणि वीज परत आल्यावर डोसिंग पंपाचे घड्याळ व वेळापत्रक जागेवर आहे का, ते तपासावे.